डोळे मिटले की विचार येणारच

‘मला नाही बाबा जमत ध्यान. डोळे मिटले की गॅस बंद केला का इथपासून घराच्या हप्त्यापर्यंत सगळं आठवतं.’ नवशिक्यांची ही तक्रार ठरलेली. डोकं रिकामं झालं तरच ते ध्यान, असं त्यांनी धरून चाललेलं असतं. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभरात मध्येच फोनवरून लोकांना विचारलं, आत्ता मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं. मनाची रोजची रीतच अशी असेल, तर मांडी घातल्याबरोबर ते गप्प कसं बसणार? लक्ष श्वासावर ठेवायचं, ते सुटतं, सुटल्याचं कधीतरी ध्यानात येतं, मग स्वतःवर न चिडता परत यायचं. हे परत येणं हाच सराव. पाच मिनिटांत वीसदा मन पळालं आणि वीसदा परत आणलं, तर बैठक चांगलीच झाली.

पद्मासनाचा आग्रह तर सोडूनच द्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. पाठ ताठ आणि पाय जमिनीला टेकलेले असले की पुरे.

ध्यान आणि शिथिलीकरण यांचीही सरमिसळ होते. ध्यानात लक्षाची मशागत, शिथिलीकरणात स्नायूंचा ताण सोडणं. माझ्या मते सुरुवात दुसऱ्यापासून करावी, कारण तिथे काय करायचं ते नेमकं ठाऊक असतं. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली पुस्तकरूपाने मांडलेली पद्धत आजही वापरतात. मूठ पाचेक सेकंद आवळायची, एकदम सोडायची आणि दहा-पंधरा सेकंद तो सैलपणा नुसता जाणवू द्यायचा. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. दुखरा भाग वगळायचा. जबडा आपण दिवसभर किती आवळून धरतो, हे बहुतेकांना तेव्हाच कळतं. शवासनाचा हेतूही विश्रांतीच, हठप्रदीपिका या योगग्रंथात तसं सांगितलंच आहे. त्यात झोप लागली तर अपराधी वाटून घेऊ नका. रात्री तर ती हवीच असते.

‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला अर्धाच आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून श्वास सोडणं लांबवायचं: चार अंक मोजत घ्या, सहा मोजत सोडा. जोर लावून भराभर श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. मन शांत व्हावं म्हणून सकाळी कपालभाती करणारे पुष्कळ. पण हठप्रदीपिकेत ती षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते. तिची जागा वेगळी.

‘इगतपुरीला दहा दिवस काढल्याशिवाय खरं ध्यान कळत नाही,’ असंही कानावर येतं. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली विपश्यना शिबिरं तिथल्या धम्मगिरी केंद्रात १९७६पासून होतात. फी नसते, मौन असतं, आणि पहिले तीन-साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो. ही पहिली पायरी घरी दहा मिनिटं करून पाहायला कुणाची हरकत नाही. उलट कधीच न बसलेल्याने एकदम रोज दहा-दहा तास बसायला जावं, हे मला पटत नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना तर केंद्रंच शिबिराला येऊ नका म्हणतात.

राहिला सर्वांत महागात पडणारा गैरसमज: ध्यान लागलं की गोळ्या बंद. २०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये ४७ चाचण्यांचा आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडाफार फायदा दिसला. औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. काहींना स्वस्थ बसल्यावर उलट धडधड वाढते किंवा जुन्या आठवणी उसळतात. अशा वेळी नेट लावून बसून राहू नये. डोळे उघडावेत, उठून चार पावलं चालावं. हे वारंवार होत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना गाठावं, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन लावावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.