हसता हसता वह्या-पुस्तकं



एकच माणूस माईकसमोर उभा राहतो आणि घरातल्याच गोष्टी सांगून सर्वांना हसवतो. याला हल्ली 'स्टँड-अप कॉमेडी' म्हणतात. आपल्याला हे नवीन नाही. पु. ल. देशपांडे १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी करीत. प्रयोगांची आणि पुस्तकांची बरीच कमाई त्यांनी व सुनीताबाईंनी प्रतिष्ठानमार्फत समाजकार्याला दिली. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र निघाले, त्यातही त्यांचा मोठा हात होता.

आणि मुलांनो, डेव्हिड अब्राहम चेऊलकर तर आपलेच, बेने इस्राएल! १९५४ च्या 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा ते हेच. मुंबईच्या समारंभांत सूत्रसंचालनाला उभे राहिले की लोक पोट धरून हसत.

आपल्या घरांत तर विनोदाला तोटाच नाही. हिब्रूत 'मी' म्हणजे कोण. आजी दार वाजवते, नातू आतून विचारतो, "मी?" आजी म्हणते, "तू नाही रे बाबा, मी!" हिब्रूत 'आनी' म्हणजे मी. नातू "आनी... आनी..." करीत अडखळतो आणि आजी म्हणते, "आणि काय? पुढे बोल की!"

हा विनोद दोन्ही भाषा येणाऱ्यालाच कळतो. आजीचं हिब्रू तोकडं, नातवाचं मराठी त्याहून तोकडं. पण एकत्र हसायचं तर दोघांनाही थोडं शिकावंच लागतं.

कोकणात आपले वाडवडील पुरीमला 'होळीचा सण' म्हणत. त्या दिवशी मौज करायची आणि निदान दोन गरजूंना दान द्यायचं. म्हणून आम्ही सुचवतो, की लोद, रामले, अश्दोद, दिमोना, बेर शेवा, जिथे जिथे आपली मंडळी आहेत तिथे पुरीमच्या आठवड्यात एक हास्यसंध्या व्हावी. प्रत्येकाला पाच मिनिटं. नातवंडांनी मराठीत बोलावं, आजी-आजोबांनी हिब्रूत! तिकीट नको, दाराशी डबा ठेवावा. जमेल ती रक्कम गावातल्या गरजू मुलांच्या पुस्तकांना आणि शिकवणीला द्यावी. हिशेब सिनेगॉगच्या फळ्यावर लावावा.

नियम दोनच. कुणाच्या रूपावर किंवा गरिबीवर विनोद करायचा नाही. आणि मदत घेणाऱ्या मुलाचं नाव कधीही पुकारायचं नाही. ज्या मुलाला पुस्तकं मिळणार, तेही त्या संध्याकाळी सर्वांबरोबर मान वर करून हसलं पाहिजे.

तुमच्या घरातले असे दोन भाषांचे घोटाळे आम्हाला जरूर लिहून पाठवा. मराठी लिहिता येत नसेल, तर आजीला सांगा!