रिपोर्ट नॉर्मल, तरी हाडे ठिसूळ का?

कॅल्शिअम म्हटले की आपल्याला हाडे आणि दात आठवतात. पण पृथ्वीवर हाडे येण्याच्या फार आधीपासून पेशींना कॅल्शिअमचा बंदोबस्त करावा लागत आहे.

पेशीला ताकद मिळते ती एटीपी या पदार्थातून, आणि त्यात फॉस्फेट असते. कॅल्शिअम व फॉस्फेट जास्त प्रमाणात एकत्र आले की न विरघळणारा क्षार बनतो आणि पेशीचे काम ठप्प होते. म्हणून पाण्यात राहणाऱ्या आरंभीच्या पेशींनी कॅल्शिअम बाहेर फेकायला सुरुवात केली. आजही आपल्या पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर सुमारे १०,००० पट जास्त कॅल्शिअम असते.

पुढे हाच फरक उपयोगी पडला. पेशीचे दार किंचित उघडले तरी कॅल्शिअम आत घुसते आणि पेशीला कामाचा इशारा मिळतो. स्नायू आखडतो, हृदयाचा ठोका पडतो तो याच इशाऱ्याने. १८८३ मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर यांनी दाखवले की, कॅल्शिअम नसलेल्या द्रावणात बेडकाचे हृदय धडधडायचे थांबते. हा इशारा ओळखणारे कॅल्मोड्युलिन हे प्रथिन प्राण्यांत, वनस्पतींत आणि बुरशीतही आहे. म्हणजे ही व्यवस्था या सर्वांच्या समान पूर्वजाइतकी जुनी आहे.

माशाला कॅल्शिअम कल्ल्यांवाटे पाण्यातूनही मिळते. जमिनीवर आलेल्या प्राण्यांना मात्र ते मुख्यतः अन्नातूनच मिळवावे लागले. त्यांच्या गळ्यात पॅराथायरॉइड ग्रंथी तयार झाल्या. या ग्रंथी घडवणारे जनुक माशांच्या कल्ल्यांत काम करते, असे २००४ मध्ये संशोधकांना आढळले. रक्तातले कॅल्शिअम जरा घटले की या ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शिअम काढून रक्तात आणले जाते. शरीरातले ९९ टक्के कॅल्शिअम हाडांतच असते.

हृदय चालू राहावे म्हणून शरीर हाडे झिजू देते. त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शिअम नॉर्मल आले, म्हणजे हाडे मजबूतच आहेत असे समजू नये. बाळंतपणात, अंगावर पाजताना आणि पाळी गेल्यावर माताभगिनींनी विशेष जपावे. नाचणीची भाकरी, तीळ, शेवग्याचा पाला, दूध-दही, काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी हे जेवणात असू द्या. रोज थोडे ऊन अंगावर घ्या. त्यातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेले कॅल्शिअम नीट अंगी लागत नाही. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.