मालिश आणि मनःस्वास्थ्य

‘मालिश’ म्हटले की पहिलवानांची तालीम नाही तर न्हाव्याची चंपी आपल्या डोळ्यांपुढे येते. दुखऱ्या अंगाबरोबर दुखऱ्या मनालाही तेलाचा हात लागतो, हे मात्र आपण विसरतो.

बाळंतिणीचेच उदाहरण घेऊ. तिला रोज तेल लावून, न्हाऊ घालून शेक द्यायचा ही आपली जुनी रीत. माझी आजी वाडीत हेच काम करते. ती सांगते, “अंग रगडताना पोरी आपसूक बोलाय लागत्यात, कवा कवा रडूनबी घेत्यात.” बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांना नैराश्य ग्रासते. घरचे सारे बाळाभोवती जमलेले असताना कोणी तरी आईच्या अंगावरून हात फिरवते, तिची विचारपूस करते, हा आधार लहान नव्हे.

यामागे शरीरशास्त्रही आहे. आपल्या त्वचेत संथ, हळुवार स्पर्श टिपणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या गतीने हात फिरला की ते सर्वाधिक जागे होतात आणि मेंदूतील भावनांशी निगडित भागांकडे संदेश धाडतात. २००४ साली मोयर या अमेरिकन संशोधकाने सहकाऱ्यांसह ३७ अभ्यास एकत्र तपासले. एकाच वेळच्या मालिशने तात्पुरती चिंता कमी होते, तर ठरावीक दिवस मालिश चालू ठेवल्यास चिंतेचा स्वभाव व उदासीनता यांत लक्षणीय उतार पडतो, असे त्यांना आढळले. मात्र ताणाशी संबंधित ‘कॉर्टिसोल’ हे संप्रेरक मालिशने घटते, या लोकप्रिय समजाला त्या तपासणीत आधार मिळाला नाही. म्हणजे गुण येतो; पण तो नेमका कशाने, हे कोडे पुरते सुटलेले नाही.

येथे दोन पथ्ये पाळायला हवीत. ज्याला स्पर्श नको असेल, त्याच्यावर तो लादू नये. दुसरे, मालिश हा उपचाराला आधार आहे, उपचाराचा पर्याय नव्हे. झोप उडाली, अन्न गोड लागेना, जीव नकोसा झाला, तर तेलाच्या वाटीवर विसंबून न राहता डॉक्टर गाठावा. २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

अंग रगडणाऱ्या बाईच्या कामाला आपण हलके समजतो, मोबदला म्हणून साडीचोळी देऊन मोकळे होतो. ती एका आईचे मनही सावरत असते, एवढे जरी सुशिक्षितांनी ओळखले तरी पुष्कळ झाले.