कूम्ब्स चाचणी : पुरावा आणि निवाडा

गरोदर स्त्रीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह निघाला, की डॉक्टर तिला ‘आयसीटी’ करून घ्यायला सांगतात. या तीन अक्षरांतला ‘सी’ म्हणजे कूम्ब्स. रॉबिन कूम्ब्स हे शिक्षणाने पशुवैद्य. आर्थर मोरांट आणि रॉबर्ट रेस यांच्यासोबत त्यांनी 1945 साली केंब्रिजमध्ये ही चाचणी सिद्ध केली. रक्तपेढीतल्या क्रॉसमॅचमध्ये आजही तिचेच तत्त्व वापरले जाते. रक्त सुरक्षित करणारी चाचणी म्हणून तिचा गौरव होतो आणि तो रास्तच आहे. पण तिचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. शरीर स्वतःच्याच पेशींवर उलटू शकते याचा सहज तपासता येणारा पुरावा तिने दिला, आणि अशा पुराव्यावरून कुठवर बोलावे याची शिस्तही तिच्याच इतिहासातून लागली.

या चाचणीआधी रक्तातले प्रतिपिंड शोधण्यात अडचण होती ती त्यांच्या आकाराची. ‘आयजीएम’ जातीचा प्रतिपिंड मोठा, दहा जागी पकड घेऊ शकणारा. तो तांबड्या पेशींना एकमेकींशी बांधतो आणि परीक्षानळीत गुठळ्या दिसतात. ‘आयजीजी’ लहान आणि दोनच हातांचा. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असल्याने त्या एकमेकींना दूर लोटतात, आणि मधले अंतर आयजीजीला सहसा ओलांडता येत नाही. तो एका पेशीला चिकटून बसतो, पण नळीत काहीच दिसत नाही. आरएच घटकाविरुद्धचे बरेच प्रतिपिंड असेच छुपे होते. युद्धकाळात लंडनहून केंब्रिजला परतताना रेल्वेच्या अंधुक डब्यात कूम्ब्स यांना तोड सुचली, असे सांगतात. प्रतिपिंड हे स्वतःच रक्तातले एक प्रथिन, एक ग्लोब्युलिन. मग मानवी ग्लोब्युलिन सशाला टोचले, तर सशाचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करील, आणि ते पेशींवरच्या छुप्या प्रतिपिंडांना धरून पेशी एकत्र आणतील. यात धुण्याचे काम सर्वांत नाजूक. पेशी सलाइनने वारंवार धुतल्या नाहीत, तर भोवतीच्या रक्तद्रवातले मोकळे ग्लोब्युलिनच सशाचे प्रतिपिंड खर्ची घालते आणि उत्तर खोटे ‘निगेटिव्ह’ येते. म्हणूनच निगेटिव्ह नळीत आयजीजी चिकटवलेल्या पेशी मुद्दाम टाकून खातरजमा करतात. त्यांच्या गुठळ्या झाल्या, तरच त्या निगेटिव्हवर विश्वास ठेवायचा.

कूम्ब्स पहिले नव्हते, हा आक्षेप खरा आहे. कार्लो मोरेस्की या इटालियन संशोधकाने 1908 मध्येच हे तत्त्व मांडले होते, आणि हे कळल्यावर कूम्ब्स यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. पण तेव्हा आरएच घटक माहीत नव्हता आणि रक्त चढवणे नित्याचे झाले नव्हते. युक्ती हाताशी होती, पण तिने सोडवावा असा प्रश्न कोणाला पडलेला नव्हता. मोरेस्कींना अग्रमान देऊनही म्हणावे लागते, की चाचणीला अर्थ आला तो 1940च्या दशकात.

हा अर्थ लगेच विस्तारला. पाउल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले होते, की स्वतःला घातक ठरणारी प्रतिक्रिया टाळण्याची सोय शरीराकडे असली पाहिजे. पुढे अनेकांनी याचा अर्थ ‘असे घडतच नाही’ असा घेतला. थंडीने तांबड्या पेशी फुटण्याच्या एका आजारात स्वतःविरुद्धचा प्रतिपिंड डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी 1904 सालीच दाखवला होता, तरी तो अपवादात जमा झाला. 1946 मध्ये बूरमन, डॉड आणि लाउटिट यांनी कूम्ब्स चाचणी रक्तक्षयाच्या रुग्णांवर वापरली. सूक्ष्मदर्शकाखाली गोलसर झालेल्या तांबड्या पेशी आनुवंशिक आजारात दिसतात आणि नंतर जडलेल्या आजारातही. नुसत्या डोळ्यांना फरक कळेना. चाचणीने तो दाखवला. आनुवंशिक आजारात पेशी कोऱ्या, तर नंतर जडलेल्या आजारात त्यांवर ग्लोब्युलिनचा थर. हा फरक उपचारापर्यंत पोहोचतो, कारण स्टेरॉइड दुसऱ्या आजारात उपयोगी पडते, पहिल्यात नाही.

इथे गंभीर आक्षेप येतो : चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहे का? नाही. निरोगी रक्तदात्यांतही क्वचित ती पॉझिटिव्ह निघते. रक्तदाबावरील मिथाइलडोपा हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत ती अनेकांची पॉझिटिव्ह होते, हे 1966 मध्ये नोंदले गेले. प्रत्यक्ष पेशी फुटतात त्या मात्र फार थोड्यांच्या. उलट बाजूही आहे. प्रतिपिंडांमुळेच पेशी फुटत असलेल्या काही रुग्णांत चाचणी निगेटिव्ह येते, कारण पेशीवरच्या रेणूंची संख्या तिच्या पकडीपेक्षा कमी असते. मग ती टाकाऊ ठरते का? तसे मानणे म्हणजे तिला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मागणे. पेशीवर प्रतिपिंड किंवा ‘कॉम्प्लिमेंट’ हे प्रथिन आहे का, एवढेच ती सांगते. प्लीहेतल्या भक्षक पेशी त्या थरावर तुटून पडतात की नाही, हे हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट, बिलिरुबिन आणि हॅप्टोग्लोबिन यांच्याकडून कळते. पुरावा एकाकडून घ्यायचा आणि निवाडा सर्वांचे ऐकून करायचा.

हा धडा रक्तापुरता राहत नाही. ल्युपसच्या संशयाने करण्यात येणारी एएनए चाचणी 1:160 इतक्या विरलतेलाही सुमारे पाच टक्के निरोगी माणसांत पॉझिटिव्ह येते. आज एका नमुन्यातून डझनावारी प्रतिपिंड तपासणारे पॅनेल मिळतात, आणि जितके प्रश्न एकदम विचारावेत तितकी निरर्थक पॉझिटिव्ह उत्तरे वाढतात. यावरचा उपाय अधिक संवेदनशील यंत्रांत नाही. तपासणी लिहून देण्याआधी रुग्णाची लक्षणे नीट पाहण्यात आहे. कूम्ब्स चाचणी 80 वर्षे टिकली, कारण तिला काय विचारायचे आणि तिच्या उत्तरातून किती निष्कर्ष काढायचा, हे वापरणाऱ्यांनी ठरवून घेतले. नव्या चाचण्यांच्या बाबतीत हे ठरवणे अजून बरेच बाकी आहे.