पुठ्ठ्याच्या चार तुकड्यांतले बीजगणित

आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. दिवसभर कचेरीत आकडेमोड करून आम्ही तेथे गणित शिकवायला बसतो. एकदा नववीतील एका मुलीने वहीत लिहिले : (अ + ब)² = अ² + ब². आम्ही लाल शाईने मध्ये २अब घातले. तिने विचारले, "काका, हे दोन अब आले कुठून?" आम्ही बी.कॉम. झालेले, पण चटकन उत्तर देता आले नाही. सूत्र पाठ होते, डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वाण्याकडून साबणाचे रिकामे खोके आणले. पट्टी, पेन्सिल, कात्री घेऊन मुलांनीच चार तुकडे कापले. १० सें.मी. बाजूचा मोठा चौरस, ३ सें.मी. बाजूचा लहान चौरस आणि १० सें.मी. लांब, ३ सें.मी. रुंद असे दोन आयत. मोठ्यावर लिहिले अ², लहानावर ब², आयतांवर अब.

आधी फक्त दोन चौरस तिरपे, कोपऱ्याला कोपरा भिडवून ठेवले आणि म्हटले, "आता याचा एकच मोठा चौरस करा." दोन जागा रिकाम्या दिसत होत्या. त्या मुलीने दोन्ही आयत उचलून तेथे बसवले आणि ती हसली. तिचे उत्तर तिलाच सापडले होते! बाजू मोजली, १३ सें.मी. भरली. १०० + ३० + ३० + ९ = १६९ आणि १३ × १३ हेही १६९. आयत विसरले असते तर हाती १०९च राहिले असते.

मग दुसऱ्या गटाला १२ आणि ४ ही मापे दिली. १४४ + ४८ + ४८ + १६ = २५६, म्हणजे १६ चा वर्ग. माप बदलले तरी सूत्र तेच राहिले, तेव्हा अक्षरे कशासाठी वापरतात हे मुलांना उमगले.

याच पुठ्ठ्यावर अवयवही पाडता येतात. क्ष² चा एक चौरस, क्ष लांब व १ रुंद अशा ५ पट्ट्या आणि १ बाजूचे ६ लहान चौरस घ्या. सर्वांचा मिळून एक आयत जुळवा. त्याच्या बाजू येतात क्ष + २ आणि क्ष + ३. तेच क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव. मात्र लहान चौरस २ सें.मी.चा असेल तर क्ष ७ सें.मी. घ्यावा. नेमका भाग जाणारे माप घेतले की मुले क्ष मोजून त्याची किंमत सांगू लागतात.

ही युक्ती आमची नव्हे. १९०७ साली डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत बालगृह सुरू केले. त्यांच्या शिक्षणसाधनांत (अ + ब)³ दाखवणारा आठ लाकडी ठोकळ्यांचा घन आहे. कामगारांच्या मुलांपासून सुरू झालेली ही पद्धत आज बऱ्याच ठिकाणी भरमसाट फी भरणाऱ्यांनाच मिळते.

आपल्याकडे मूल गणितात नापास झाले की "याला डोकेच नाही" असे म्हणून शाळा सुटते. मुलींची तर आधी सुटते. डोके असते, पण समजेल असे दाखवणारे कोणी नसते. ती मुलगी आता धाकट्या मुलांना तुकडे जुळवून दाखवते. तेव्हा घरातील पुढचे खोके रद्दीत टाकण्यापूर्वी मुलांना जवळ बसवा आणि कात्री त्यांच्याच हाती द्या.