विरोधी मताची नोंद कुठे आहे?

तेल्हाऱ्याच्या तहसीलीत, पंचायत समितीत, शाळांत आज आमची मुले-मुली खुर्चीवर बसली आहेत. बाबासाहेबांमुळे बसली, हे कोणी नाकारणार नाही. पण त्या खुर्चीवरून त्यांना बोलता येते काय? बैठक भरते, साहेब घड्याळाकडे बघत विचारतात, "कुणाला काही सांगायचे आहे?" सगळे माना खाली घालतात आणि इतिवृत्तात लिहिले जाते, 'सर्वानुमते मंजूर'. कोणी तोंड उघडलेच तर गोपनीय अहवालात शेरा, नाहीतर मेळघाटात बदलीची धमकी. (जणू मेळघाटात माणसे राहतच नाहीत!) त्यातही बोलणारा आपला असला, की 'यांचे नेहमीचेच रडगाणे' म्हणून विषय संपतो. मुद्द्याला उत्तर मिळत नाही.

यात नुकसान कोणाचे? तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात तोंडात धरवत नाही, हे वस्तीतून हंडा वाहणाऱ्या मायला ठाऊक असते, तिच्या मुलालाही. तो मुलगा आज पाणीपुरवठ्याच्या टेबलावर लिपिक असेल, तर आराखडा करताना त्याला विचारायला नको?

सायमन कमिशनला साहाय्य करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीत बाबासाहेब होते. बहुमताचा अहवाल पटला नाही, तेव्हा 17 मे 1929 रोजी त्यांनी स्वतःचा स्वतंत्र अहवाल दिला. त्या समितीत ते अल्पमतात होते. पुढे तेच मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आता विरोध इतरांनी करायचा होता, ऐकायचे त्यांनी होते. संविधान सभेत 2473 दुरुस्त्या चर्चेला आल्या. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी पक्षशिस्त झुगारून बोलणाऱ्या सात सभासदांची नावे घेऊन आभार मानले. कामत, सिधवा, के. टी. शहा, सक्सेना, ठाकुरदास भार्गव, कुंझरू. आणि आपल्या वऱ्हाडातले, पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही, ते नसते तर संविधानामागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधीच आपल्याला मिळाली नसती, असा त्यांचा आशय होता. विरोधकाचा असा सन्मान आज कोणता साहेब करतो?

सवर्ण साहेबांकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. आमचेही लोक आता साहेब झालेत. त्यांच्या दालनात शिपाई उभ्याउभ्या मत मांडू शकतो काय? महिला कर्मचाऱ्याचे वाक्य पूर्ण होऊ दिले जाते काय? मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटना बिंदुनामावलीसाठी, पदोन्नतीसाठी झगडतात. ते झगडलेच पाहिजे. पण त्याच निवेदनात एक मागणी आणखी घाला : बैठकीत ज्याचे मत वेगळे पडले, ते त्याच्या नावासह इतिवृत्तात लिहावे आणि ते का मानले नाही याचे कारण साहेबांनी खाली लिहावे. त्याआधी आपल्या संघटनेची वही उघडून पाहा. मागच्या पाच सभांत 'सर्वानुमते' खेरीज दुसरा शब्द सापडतो का?