‘ऑथेल्लो’ नाटकातील एमिलिया : एक दुय्यम पात्र व त्याचे नाट्यगत कार्य

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या शोकांतिकेची चर्चा बहुधा ऑथेल्लोचा मत्सर आणि इयागोचे कपट यांभोवती फिरते. इयागोची पत्नी व डेस्डिमोनाची परिचारिका असलेली एमिलिया तीत मागे पडते. वस्तुतः नाटकाच्या कथानकाची कळ तिच्याच हाती आहे.

या नाटकाचे कथाबीज चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ साली प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहात आढळते. मूळ कथेत ध्वजाधिकाऱ्याची पत्नी अनाम आहे. तिला पतीचा कट ठाऊक असतो, परंतु धाकामुळे ती मौन पाळते. रुमाल मात्र पती स्वतःच चोरतो. शेक्सपिअरने ही योजना उलटी केली. त्याची एमिलिया पडलेला रुमाल उचलून पतीची मर्जी राखण्यासाठी त्याच्या स्वाधीन करते, आणि कटाविषयी ती पूर्णपणे अनभिज्ञ असते. या बदलामुळे ती दोषी ठरते, पण दुष्ट ठरत नाही.

तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात हा दोष गडद होतो. रुमाल कोठे हरवला असावा, असे डेस्डिमोना विचारते तेव्हा एमिलिया आपणास ठाऊक नसल्याचे सांगते. लगेच ऑथेल्लो तिच्यासमक्ष तोच रुमाल पुनःपुन्हा मागतो. एका वाक्याने अनर्थ टळू शकला असता. पण ती बोलत नाही. येथे तिला केवळ भोळी म्हणून सोडून देणे संहितेला धरून होणार नाही. पतीच्या आज्ञेत राहण्याची सवय तिच्या प्रामाणिकपणावर मात करते, असेच म्हणावे लागते.

म्हणूनच चौथ्या अंकाच्या अखेरीस पत्नींच्या स्खलनाचा दोष ती पतींच्या माथी मारते, ते भाषण महत्त्वाचे ठरते. ते १६२३ च्या फोलिओत आहे, १६२२ च्या क्वार्टो प्रतीत नाही. त्यावाचून अंतिम प्रवेशातील तिचे बंड आकस्मिक भासले असते.

त्या प्रवेशात ऑथेल्लो इयागोचे नाव घेतो तेव्हा ‘माझा पती?’ एवढाच प्रश्न ती वारंवार करते. घरी जाण्याची पतीची आज्ञा ती सर्वांसमक्ष मोडते व रुमालाचे सत्य सांगते. इयागो तिच्यावर वार करतो. आपणास स्वामिनीशेजारी ठेवावे, ही तिची विनंती. कोणी ती पुरी करते की नाही, याविषयी संहिता मूक आहे. शेवटी लोडोव्हिको शय्येवरील भाराकडे निर्देश करतो, तेव्हा तेथे दोन देह असावेत की तीन, हे प्रत्येक दिग्दर्शकाला ठरवावे लागते.